फ्रेमच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुकान चालवणाऱ्या आपल्या वडिलांबद्दल एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४३, माहेरापासून दोन तासांवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. त्यांचे वडील, ज्यांना घर आणि गाव दोन्ही अण्णा म्हणत, नऊ महिन्यांपूर्वी ७१व्या वर्षी गेले. बसस्टँडच्या वाटेवर १९७९ पासून त्यांचं फोटो फ्रेम आणि पेंटिंगचं दुकान होतं. गावातल्या कितीतरी पाट्या त्यांनी रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर पाट्या थांबल्या, फ्रेमा चालू राहिल्या. महालक्ष्म्यांची आरास, पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीचे आकाशकंदील ते घरच्या लेकरांसाठी दरवर्षी करत. फ्रेम कुणाचीही असो, मागच्या हार्डबोर्डवर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख आणि गिऱ्हाइकाचं आडनाव लिहीत.

वर्षश्राद्धाला तीन महिने आहेत. थोरल्या भावाला ५०० प्रतींची रंगीत स्मरणिका काढायची आहे, पुढाऱ्यांच्या संदेशांसह. तो सांगतो, भूकंपानंतर अण्णांनी एकाही फ्रेमचे पैसे घेतले नाहीत. आई म्हणते, "कामून उकरायलात आता? गेला माणूस सुखानं जाऊ द्या." दुकानाची जागा भाड्याची, मालकाला ती महिनाअखेर रिकामी हवी आहे. ताई लिहायला बसल्या की 'मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' या तीन शब्दांपुढे पेन चालत नाही. "साध्या दुकानदाराच्या आयुष्यावर लिहिण्यासारखं असतं तरी काय?" असं त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी: "इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती. बारावीनंतर औरंगाबादला चित्रकला शिकायची होती. अण्णांनीच पाठवलं नाही, डीएडला घातलं. हे लिहायचं की गिळायचं?"

ताई,

तुम्ही लिहिण्याचं विचारलंत, पण आधी दुकानाचं बोलू. लिहायला चार महिने उशीर झाला तर काही बिघडत नाही. शटरची किल्ली एकदा मालकाकडे गेली की मात्र आत पुन्हा पाय ठेवता येणार नाही.

टेम्पो बोलावण्याआधी एक अख्खा दिवस दुकान जसं आहे तसं राहू द्या. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी झाडलोट, मग आवराआवर, आणि शेवटी मोकळ्या फळ्यांपुढे उभं राहून फोटो. सकाळी शटर पूर्ण वर करा, ट्यूबलाइट बंद ठेवा आणि दारातून चारही भिंतींचे फोटो घ्या. मग एकेक फळी समोरून, मोबाइल फळीला समांतर धरून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग पुन्हा आला पाहिजे, म्हणजे पुढे ते जोडता येतात. वाइड लेन्स नको, त्यात कडा वाकतात. त्यानंतर अण्णांच्या बैठकीवर बसा आणि तिथून डोळ्याला दिसतं ते टिपा. रस्ता किती दिसतो, उजव्या हाताशी काय आहे, डाव्या हाताशी काय आहे. हात न ताणता जे मिळतं ते त्यांचं रोजचं. बाकी सगळा साठा. टेप घेऊन काउंटरची आणि बैठकीची उंची मोजा, वहीत लिहून ठेवा. पुढे कुणी विचारलं की अण्णा कुठं बसायचे, तर सांगायला काहीतरी पक्कं असेल.

ठेवायचं किती? एक पत्र्याची पेटी, बस्स. सगळंच जपायचं ठरवलं की तीन गोण्या माळ्यावर जातात आणि दोन पावसाळ्यांत वाळवी त्यांचा हिशेब करते. पेटीत काच कापायचा हिरा, पक्कड, गुण्या, पट्टी ४५ अंशात कापायची खाचांची लाकडी पेटी, हातात बसलेले तीन-चार ब्रश आणि रेघ मारायची खडूची दोरी जाऊ द्या. उरलेल्या पट्ट्या आणि काचा ज्याला कामाला येतील त्याला द्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र रद्दीत जाण्याची दाट शक्यता आहे, म्हणून ती वेगळी सांगतो. पाट्या रंगवणाऱ्यांकडे खाकी कागदाच्या गुंडाळ्या असतात, काळवंडलेल्या. उलगडल्या की वाटतं उंदरानं कुरतडलंय. उजेडापुढे धरा. त्या कागदावर अक्षराच्या कडेनं सुईची बारीक भोकं पाडलेली असतात. कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटतं, मग त्यावर ब्रश फिरतो. म्हणजे रंग उडालेल्या पाटीचंही मूळ अक्षर त्या कागदात शाबूत असतं. या गुंडाळ्या घडी न घालता सुती कापडात गुंडाळून ठेवा. कोळसा झटकू नका आणि ओल्या फडक्यानं तर मुळीच पुसू नका.

आता वह्या. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात, तेव्हा अलीकडच्या वह्या आणि बिलं भावनेच्या भरात कुणाला वाटू नका. त्याआधीच्या वह्यांवरच्या धुळीला मऊ कोरडा ब्रश पुरे. उन्हात वाळवू नका, शाई उडते. लॅमिनेशन करू नका, गरम प्लॅस्टिक कागदावर बसलं की परत निघत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेपही नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात झिरपतो. छापील बिलांपैकी गुळगुळीत थर्मल कागदाची बिलं आजच्या आज मोबाइलवर टिपा, ती आपोआप कोरी होतात. आजोबांच्या काळचे न वाचता येणारे कागद निघाले तरी फेकू नका. आपल्या भागात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, तेव्हाचा सरकारी कागद उर्दूत आणि घरचा हिशेब मोडीत असू शकतो.

उधारीच्या पानांवरून घरात बोलणं निघेलच. माल दिल्याला तीन वर्षं उलटली असतील आणि मधे लेखी कबुली किंवा थोडा तरी भरणा नसेल, तर ती रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. त्यामुळे जुनी पानं आता फक्त वाचायची. आणि ती नावानिशी छापायची तर अजिबात नाहीत. ज्यांचं देणं राहिलं, त्यांची नातवंडं तुमच्याच शाळेत असतील.

अण्णांचा मोबाइल नंबर चालू आहे का, हे आज संध्याकाळी बघा. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातंही १२० दिवस पडून राहिलं की पुसलं जातं. नऊ महिन्यांत ते गेलं असलं तरी हातपाय गाळू नका. त्यांनी पाठवलेले आवाजाचे मेसेज तुमच्या, भावाच्या, भाचरांच्या फोनमध्ये असतीलच. प्रत्येकानं आपापल्या फोनमधून अण्णांसोबतचं चॅट मीडियासह एक्स्पोर्ट करायचं आणि एका ठिकाणी जमा करायचं. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. पेनड्राइव्ह पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. "साध्या दुकानदाराच्या आयुष्यावर लिहिण्यासारखं काय असतं?" ताई, या प्रश्नात एक गृहीत आहे. आयुष्य लिहायचं तर त्यात पदं, पुरस्कार, सत्कार हवेत. ते नसले की आपण विशेषणं शोधू लागतो. 'मनमिळाऊ' हा शब्द खोटा नाही, पण तो कुणाच्याही श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर बसतो. अण्णांवरच बसेल असं वाक्य तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात: फ्रेमच्या मागं उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख आणि आडनाव.

जरा विचार करा याचा अर्थ काय होतो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची त्यांच्या हातची नोंद गावाच्या भिंतींवर टांगलेली आहे, तोंड भिंतीकडे करून. लग्नाचा फोटो, सातवी पास झालेल्या मुलाचा फोटो, देवाची तसबीर, गेलेल्या आजीचा फोटो. कुणाच्या घरात काय घडलं आणि कधी घडलं, हे त्या कोपऱ्यांत लिहिलेलं आहे. वहीचं पान कसर खाईल, पण हार्डबोर्डवरची पेन्सिल टिकते.

ते गोळा करा. गावातल्या ओळखीच्या घरांना, बचत गटाच्या आणि गल्लीच्या ग्रुपवर साधा निरोप पाठवा: अण्णांच्या हातची फ्रेम असेल तर पुढचा आणि मागचा असे दोन फोटो पाठवा. सोबत दोन सूचना द्या. फ्रेम उतरवताना दोघांनी धरायची, कारण जुनी सुतळी कुजलेली असते आणि खिळा सैल असतो. आणि मागचा कागद किंवा हार्डबोर्ड काही झालं तरी उचकटायचा नाही. ओलीमुळे फोटो काचेला चिकटला असेल तर ओढताना चेहराच काचेवर राहतो. अशा चिकटलेल्या फोटोची काचेवरूनच नक्कल घ्यायची. ट्यूब आणि फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूनं, मोबाइलच्या मागं काळं कापड धरायचं म्हणजे आपलंच प्रतिबिंब येत नाही, आणि जवळ जाण्याऐवजी दोन पावलं मागं सरून दुप्पट झूम. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथं निरोप पाठवू नका, समक्ष जा, आणि फोटोपुढे दिवा असेल तर त्या दिवशी विषय काढू नका.

तीस-चाळीस मागच्या बाजू जमल्या तरी खूप झालं. तारखेप्रमाणे लावा. अक्षर कसं बदलत गेलं ते दिसेल, लग्नसराईत किती काम असायचं ते दिसेल, आणि एखादं वर्ष मोकळं दिसलं तर त्या वर्षी घरात काय चाललं होतं हे आईला विचारता येईल.

भूकंपाच्या फ्रेमांचंही तिथंच कळेल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं. त्यानंतरच्या महिन्यांत फ्रेमवाल्याच्या दुकानात कोणते फोटो आले असतील, हे लिहिण्याची गरज नाही. भाऊ म्हणतात अण्णांनी एकही पैसा घेतला नाही. असेलही. पण त्या सालची वही सापडली तर ऑक्टोबरपासून पुढची पानं आधी वाचा, मग छापा. वहीत निम्मे पैसे घेतल्याची नोंद निघाली तर निम्मे लिहा. काच, पट्टी, खिळे विकत आणावे लागतात. त्या दिवसांत मजुरी सोडून फक्त सामानाचे पैसे घेतलेला माणूस फुकट वाटणाऱ्यापेक्षा लहान होत नाही, आणि ते वाचताना गावाला खरं वाटेल. वहीच नसेल तर 'घरात असं सांगितलं जातं' असं लिहा.

पाट्यांची तारीख काढायची युक्ती सांगतो. अण्णांच्या हातच्या पाट्या गावात अजून असतील, कुठं शटरच्या वर, कुठं गोठ्याच्या छपराला लावलेल्या. पाटीवर 'जि. उस्मानाबाद' असेल तर ती १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होण्याआधीची किंवा त्याच सुमाराची. चार-पाच आकडी फोन असेल तर मोबाइलच्या आधीची. पत्र्याच्या पाटीवरची धूळ किंचित ओलसर सुती फडक्यानं पुसा. थिनर किंवा रॉकेल लावू नका, जुना ऑइलपेंट सुटून येतो. वरून वार्निशही नको. आणि भिंतीवर रंगवलेली जाहिरात कुठं उरली असेल तर पुढच्या चुनकाढणीआधी तिचा फोटो घ्या, सकाळच्या तिरप्या उन्हात. पुसट अक्षरांच्या कडा तेव्हाच दिसतात. प्रत्येक पेंटरचा 'झ' वेगळा असतो, 'श्री'ची गाठ वेगळी असते. अण्णांच्या पाट्यांमधून एकेक अक्षर कापून 'अ' ते 'ज्ञ' असा तक्ता करा. काही अक्षरं मिळणार नाहीत. ती जागा मोकळी सोडा, दुसऱ्या फॉन्टनं भरू नका.

आता आई. "कामून उकरायलात" याचा अर्थ तुम्ही 'आईला नको आहे' असा घेतलात. कदाचित तसंच असेल, आणि मग तिचा मान राखायचा. पण तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, "खळ घरूनच जायची." ती मैद्याची, कागद चिकटवायची खळ कोण करत होतं? एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसू लागेपर्यंत. ढवळणं थांबलं की बुडाला लागते आणि करपलेल्या खळीचा डाग कागदाच्या वर येतो. कसर लागू नये म्हणून उतरवताना चिमूटभर मोरचूद. ते विषारी, म्हणून पातेलं वेगळं, आणि लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी. उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणजे रोज नवी. हे चाळीसएक वर्षं कुणी केलं असेल तर ते दुकान दोघांचं होतं. पाटीवर नाव एकाचं होतं, इतकंच.

आईपुढे मोबाइल ठेवून 'अण्णांबद्दल सांग' म्हणू नका. दुकानातून आणलेला खिळ्यांचा डबा तिच्यापुढे ठेवा आणि निवडायला बसा, अर्ध्या इंची वेगळे, पाऊण इंची वेगळे. हात कामात असले की बोलणं येतं. नाही आलं तर खिळे निवडून होतील. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तिला सांगून करा, लपवून नको. आणि एकदा तिनं नको म्हटलं की बंद करा.

बाकीच्यांशी बोलताना मोबाइल एअरप्लेन मोडवर, पंखा आणि कूलर बंद, फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर. सुरुवातीला तारीख आणि नाव बोलून घ्या, नाहीतर वर्षभरानं कुणाचा आवाज ते ओळखू येत नाही. चाळीस मिनिटं पुरे. 'अण्णा कसे होते?' हा प्रश्न विचारला की पुन्हा 'देवमाणूस' एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा: पहिल्यांदा दुकानात कशासाठी गेलात? तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे? घाई केली तर काय म्हणायचे? कधी रागावले? कोणतं काम त्यांनी नाही म्हणून परत पाठवलं? सगळ्यात आधी त्या मुलाकडे जा, जो त्यांच्याकडे काच कापायला होता आणि आता ग्लास-अ‍ॅल्युमिनियमचं स्वतःचं दुकान चालवतो असं तुम्ही लिहिलंय. मालकाचा स्वभाव जितका हाताखालच्या माणसाला ठाऊक असतो तितका घरच्यांनाही नसतो.

साल विचारू नका, आपल्याकडे कुणी सालात लक्षात ठेवत नाही. '७२च्या दुष्काळाच्या आधी की नंतर? जिल्हा झाला तेव्हा? भूकंपाच्या वर्षी? लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची, त्या २०१६च्या उन्हाळ्यात? टाळेबंदीत? या खुंट्यांना आठवणी बरोबर अडकतात. दुकान नक्की कधी सुरू झालं हे मात्र शॉप अ‍ॅक्टच्या परवान्यावरून किंवा पहिल्या भाडेपावतीवरून पक्कं करा. १९७९ हे घरात ऐकलेलं साल असेल तर कागद बघूनच छापा.

ज्या वाचकांच्या घरी फ्रेमचं दुकान नव्हतं त्यांच्यासाठी इथंच सांगून टाकतो. शिंप्याच्या दुकानात मापांची वही असते, त्यात एकाच माणसाची पंधराव्या आणि पन्नासाव्या वर्षाची छाती-कंबर सापडते. सोनाराकडे साचे असतात, सायकलवाल्याकडे भाड्याच्या तासांची पाटी, किराण्यात वर्षाच्या यादीच्या चिठ्ठ्या. दुकानदार स्वतःबद्दल क्वचित लिहितो, पण रोज काहीतरी लिहीतच असतो. आधी ते शोधा.

भावाच्या स्मरणिकेबद्दल. भांडू नका. त्याला अण्णांचा गावात मान व्हावा असं वाटतं आणि ते वाटणं खरं आहे. पण ५०० प्रती कुणासाठी, हे त्याला एका कागदावर नावं लिहून काढायला सांगा. दोनशेच्या पुढं यादी सहसा जात नाही. उरलेल्या प्रती पुढं खोक्यातच राहतात. १०० प्रती डिजिटल छपाईवर घ्या, लागल्या तर पुन्हा काढता येतात. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. पिनांची बांधणी असेल तर पानं ४ च्या पटीत हवीत: आतली ३२ आणि मुखपृष्ठाची ४. एका भरल्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात. निम्मी पानं फोटोंना दिली तर तुम्हाला साडेचार हजारांच्या आसपास शब्द लिहायचे आहेत. पुढाऱ्यांचे संदेश घ्यायचेच असतील तर शेवटच्या एका पानावर सगळे मिळून. पहिलं पान आईचं.

छपाईत हमखास चुकतं ते सांगतो. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहाल, डीटीपीवाला ते जुन्या फॉन्टमध्ये उतरवेल, आणि तिथं 'र्‍हस्व', 'श्री', 'दृष्टी', 'ज्ञ' असली जोडाक्षरं तुटतील. पडद्यावर तपासू नका, कागदावर छापून तपासा, आणि आडनावं तर दोघांनी वेगवेगळी तपासा. जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कागदपत्रं ३०० वर. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत धुरकट दिसतो.

आणि वर्षश्राद्धाचा दिवस म्हणजे पुस्तकाचा मुहूर्त नव्हे. त्या दिवशी घर विधींत आणि स्वयंपाकात असतं. जमलेल्या फ्रेमांच्या मागच्या बाजूंचे फोटो दोरीला लावून अंगणात टांगा, आलेल्यांना आपलं आडनाव शोधू द्या, आणखी पंधरा फ्रेमा तिथल्या तिथं कळतील. पुस्तक पोळ्याला आलं तरी चालेल. अण्णांवर व्हिडिओ करणाऱ्या भाच्यालाही सांगा, त्याला रडकं गाणं लावू नको, अण्णांच्या आवाजातला एखादा मेसेज असेल तर तोच लाव.

आता तुमचं शेवटचं वाक्य. 'लिहायचं की गिळायचं' याखेरीज तिसरा मार्ग आहे: आधी फक्त स्वतःसाठी लिहा, चार ओळी, त्यातही फक्त घडलेलं. साल कोणतं, तुम्ही काय मागितलंत, अण्णा नेमकं काय म्हणाले, त्या वेळी घरात कमावणारे किती आणि खाणारे किती. त्यानंतर २०००च्या आसपासची वही काढा आणि पाट्यांच्या नोंदी कोणत्या वर्षापासून कमी होतात ते बघा. फ्लेक्स साधारण त्याच सुमाराला तालुक्यांत पोचत होता. ज्या माणसाचा ब्रश डोळ्यांदेखत बंद पडत होता, त्यानं मुलीला रंगाच्या वाटेला जाऊ दिलं नाही, असं असू शकतं. किंवा पोरीला एकटीला शहरात ठेवायची भीती असेल. किंवा पैसेच नसतील. वही यातलं थोडंच सांगेल, आईला थोडं ठाऊक असेल. आणि कारण कळलं तरी तुमचं दुखणं जाईलच असं मी म्हणणार नाही. कारण कळणं वेगळं, आणि तुम्हाला जे मिळालं नाही ते वेगळं.

दुकान आवरताना तुम्ही मनातल्या मनात स्वतःचं एखादं जुनं चित्र शोधाल. अण्णांनी ते कुठंतरी फ्रेम करून ठेवलं असेल म्हणून. ते कदाचित सापडणार नाही. त्यावरून अण्णांच्या मनात काय होतं याचा निवाडा करू नका. गावभराच्या फ्रेमा करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात पुष्कळदा एकही धड फ्रेम नसते.

पुस्तकात हे घ्यायचं असेल तर तीन वाक्यं पुरतात: 'बारावीनंतर मला चित्रकला शिकायची होती. अण्णांनी डीएडला घातलं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.' पुढं 'पण आज मला कळतं' असं जोडू नका, खरोखर कळलं असेल तरच जोडा. ज्यांनी लेकरांसाठी दरवर्षी मातीचे बैल केले, त्यांच्याच पुस्तकात ही वाक्यं असली तर बैलांवरचा विश्वास वाढतो. भावाला आणि आईला ती छपाईआधी वाचायला द्या. आईनं काढ म्हटलं तर काढा आणि आपल्या वहीत राहू द्या.

एक काम राहिलं, अण्णांचा स्वतःचा फोटो. आधारकार्डावरचा फोटो मोठा करून, मागं निळं आकाश लावून नका करू. ज्यात हातात काहीतरी काम आहे असा शोधा, मग तो थोडा तिरका असला तरी चालेल. आठ बाय दहा इंचाला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, तेवढे नसतील तर फ्रेम लहान करा. फ्रेम त्या काच कापणाऱ्या मुलाकडूनच करून घ्या. त्याला सांगा: काच दोन मिलिमीटरची, काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे फोटो काचेला टेकणार नाही. मागं हार्डबोर्ड, खिळे आडवे, आणि सांध्यावरून चारही बाजूंनी खाकी कागदाची पट्टी, म्हणजे कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून एकेक बूच चिकटवा, भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही. हार फ्रेमला घालू नका. ओल्या फुलांचं पाणी पट्टीच्या खाचेतून आत उतरतं आणि वर्षभरात फोटोच्या खालच्या कडेला पिवळी रेघ येते. हारासाठी वर वेगळा खिळा ठोका.

मागं उजव्या कोपऱ्यात तारीख आणि आडनाव तुम्ही लिहा. बॉलपेन नको, मऊ पेन्सिल घ्या, आणि हार्डबोर्ड बसवण्याआधी लिहा, नंतर दाब पडला तर काच तडकते. कड्या दोन लावायला सांगा. एका कडीवर फ्रेम तिरकी होते.